आठ दिवसांत गुलाब कुठून आणू?

"ग्लॅडिएटरची पाचशे रोपं, आठ दिवसांत, फुलावर आलेली हवीत." ग्लॅडिएटर ही लाल गुलाबाची जात, आणि माझ्या रोपवाटिकेत दर हिवाळ्यात हाच फोन! अहो, आधी खुंटाच्या, म्हणजे ज्यावर कलम करायचं त्या गुलाबाच्या, काड्या लावायच्या, त्यांना मुळं फुटेपर्यंत थांबायचं, मग थंडीत डोळा भरायचा, म्हणजे हव्या जातीच्या फांदीवरचा डोळा काढून खुंटाच्या सालीत बसवायचा. तो जगून फुटला की वरचा खुंट छाटायचा. विकण्याजोगं रोप व्हायला महिने जातात. हे समजावलं की म्हणतात, "मग कुठलाही लाल द्या." दिला, की तक्रार: हा ग्लॅडिएटर नाही! आणि ज्यांच्यासाठी मुद्दाम डोळे भरून घेतले, ते ऐनवेळी फोनच उचलत नाहीत. आगाऊ रक्कम मागितली तर राग येतो. डोळा भरणाऱ्याची मजुरी मात्र मी त्याच संध्याकाळी द्यायची!