सासूच्या भिंतीवरून सरपंचपद जातं, मेहुण्याच्या ठेक्यावरून आमदारकी जात नाही

आज सकाळी तालुक्याच्या ग्रुपवर एका सभामंडपाच्या कोनशिलेचा फोटो आला. वर आमदारसाहेबांचं नाव हातभर अक्षरात, त्याखाली "यांच्या निधीतून", आणि त्याच्याही खाली जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. साहेबांनी बागायत विकून मंडप बांधला असावा असा थाट! अरे, आमदार निधी आपलाच आहे. 2020 पर्यंत एका आमदाराला वर्षाला दोन कोटी होता, मग तीन, मग चार, 2022 मध्ये पाच. आमदार फक्त काम सुचवतो. मान्यता जिल्हाधिकारी देतात, पैसा तिजोरीतून येतो. आभार कसले मानता?

आणि गावच्या सरपंचाला मात्र आपण सोडत नाही. जळगाव जिल्ह्यातलं विचखेडे आठवा. तिथल्या महिला सरपंच सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात, अशी तक्रार झाली. बाई सांगत होत्या, मी नवऱ्या-मुलांसोबत भाड्याने वेगळी राहते. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम केलं, उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद परत दिलं. एका सरपंचपदासाठी थेट दिल्ली!

आता कायदा बघा, म्हणजे राग कशाचा ते कळेल. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14 सांगतं की पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा असेल तर तो अपात्र. तिसरं मूल झालं, अपात्र. शौचालय वापरत असल्याचा दाखला दिला नाही, अपात्र. अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं आणि सदस्य तिथे राहत असला तरी अपात्र, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केलं.

आमदारासाठी काय? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 9अ. करार त्याने स्वतः केलेला हवा, स्वतःच्या धंद्यातला हवा, राज्य सरकारशी हवा आणि चालू हवा. काम पुरं झालं आणि फक्त बिल थकलं असेल तर तो करार चालू धरतच नाहीत. "अप्रत्यक्ष" हा शब्दच तिथे नाही. मेहुण्याची फर्म, भावाचा क्रशर, मुलाचा डांबर प्लँट, सगळं बाहेर. दोन मुलांची अटही आमदाराला नाही. संविधानाच्या अनुच्छेद 195 प्रमाणे स्वतःचा पगार आमदार स्वतःच कायदा करून ठरवतात. ऑगस्ट 2016 मध्ये पगार दुपटीहून जास्त वाढला, पेन्शन चाळीस हजारांवरून पन्नास हजार झाली, आणि विधेयक चर्चेशिवाय मंजूर! कापसाच्या भावावर एवढी एकी कधी दिसली?

धुळ्याची 102 नंबरची खोली तर ताजीच आहे. मे 2025 मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती, म्हणजे सरकारी खर्चावर नजर ठेवणारी समिती, धुळ्यात आली होती. माजी आमदार अनिल गोटे शासकीय विश्रामगृहातल्या त्या खोलीबाहेर ठाण मांडून बसले आणि आत 1 कोटी 84 लाखांची रोकड निघाली. समितीच्या अध्यक्षांनी आरोप फेटाळले. पैसा कुणाचा, कुणासाठी, ते तपास आणि न्यायालय ठरवेल. पण विचखेड्याच्या बाईंना इतका धीर कुणी दाखवला होता का?

आता कोणी म्हणेल, कडक नियम हत्यार म्हणून वापरले जातात, विचखेडे हाच त्याचा पुरावा. मान्य. काही आमदार निधी नीट वापरतात, तेही मान्य. म्हणून 9अ मध्ये "अप्रत्यक्ष" नकोच, हे मात्र पटत नाही.

खरा राग आपल्यावरच आहे. "आपले काय करनं शे" (आपल्याला काय करायचंय) म्हणून सोडून देतो आणि पुन्हा हात जोडतो. असो. शिव्या देऊन झाल्या, आता कागद काढू.

आधी नमुना 26, उमेदवाराचं शपथपत्र. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर 2019 आणि 2024 ची दोन्ही मिळतात. संपत्तीची नुसती बेरीज बघू नका, "बाजारभाव वाढला" हे उत्तर तयार असतं. जमिनीच्या रकान्यात खरेदीची तारीख आणि खरेदी किंमत असते, ती बघा. 2019 नंतरची तारीख असेल तर त्याच काळातलं उत्पन्न बाजूला मांडा. पाच वर्षांचं उत्पन्न त्याच शपथपत्रात असतं. आणि हे फक्त स्वतः, पती-पत्नी, अवलंबित आणि एकत्र कुटुंबाचं. कमावता, वेगळा राहणारा मुलगा त्यात येत नाही; माल बहुतेक तिकडेच सरकतो. तिथे सातबारा, फेरफार आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरची सूची दोन (नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा) कामी येते.

मग निधी. माहिती अधिकाराचा अर्ज आमदाराच्या कार्यालयात देऊ नका, तिथून काही मिळायचं नाही. जिल्हा नियोजन कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात हे आहे आणि याच कारणाने अर्ज परत येतात. "हे काम याच संस्थेला का दिलं?" असं विचारू नका. "का"ला उत्तर द्यायचं बंधन नाही. प्रती मागा: शिफारसपत्र, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक. मोजमाप पुस्तिका हवीच. मंडपाची लांबी-रुंदी तिच्यात असते, टेप घेऊन जागेवर मोजता येते. एकाच गल्लीतल्या रस्त्याचे चार तुकडे पाडून निविदा टाळली असेल तर ते मान्यता आदेश शेजारी ठेवले की दिसतं. "कागद बांधकाम विभागाकडे आहेत" असं उत्तर आलं तर माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(3) दाखवा. पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचंच काम आहे.

पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टँप. तिथेही टोलवलं तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. तिथे तारीख लवकर लागत नाही, म्हणून अर्ज याच आठवड्यात टाका. 2029 च्या निवडणुकीआधी कागद हातात हवेत.