‘३.८ जीपीए असूनही बर्कली नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या प्रवेश-मार्गदर्शनाला एक स्टार देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात. मुलाचा जीपीए (४ पैकी) ३.८ असूनही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) बर्कली कॅम्पसच्या कॉम्प्युटर सायन्सचा नकार आला, टॅग आम्ही ‘भलत्याच’ कॅम्पसला भरायला लावला, पुण्यातल्या फर्स्ट इयरची एटीकेटी अर्जात दाखवायला लावली, आणि शेवटच्या क्वार्टरला (सत्राला) फिजिक्स सोडू दिलं नाही. मुलानं डी अँझा या कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (इथे दोन वर्षं करून पुढे यूसीत जाता येतं) दोन वर्षं मान मोडून अभ्यास केलाय, तेव्हा हा नकार घरात सगळ्यांनाच लागला असणार. त्याची फाइल इथे उघडणं बरोबर नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी टॅग, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना मिळणारी प्रवेशाची हमी. ती यूसीचे सहाच कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. बर्कलीचा टॅग असा प्रकारच नाही, मग तो भरणार कोण? टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर, तोही एकाच कॅम्पसला. त्यानंतर यूसीचा मुख्य अर्ज वेगळा भरावा लागतो, तो राहिला तर टॅगही गेला. एका ठिकाणी टॅग भरल्यानं बर्कलीतली संधी कमी होत नाही. शिवाय टॅग देणाऱ्या कॅम्पसवरही सगळे विषय त्यात नसतात. सांता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज टॅग घेत नाही, आणि तिथलं कॉम्प्युटर सायन्स त्याच कॉलेजात आहे. म्हणून ती यादी दरवर्षी नव्यानं वाचावी लागते. गेल्या वर्षी मित्राला मिळालं, हे ऐकून टॅग भरू नये.

आता जीपीए. यूसीची किमान अट कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८. त्यानं फक्त अर्ज करता येतो. कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या विषयात ३.८ वाले पुष्कळ असतात, आणि निवड करणारे बघतात ते विषयाच्या तयारीचे कोर्स: किती झाले, किती राहिले, कोणत्या ग्रेडनं. कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसला चालतो, हे ‘असिस्ट’ या सरकारी साइटवर विषयवार दिलेलं आहे. प्रत्येक पालकानं मुलाबरोबर बसून ते पान एकदा तरी वाचावं, कारण खरी अडचण तिथे दिसते. डी अँझात कॅल्क्युलस १ए, १बी, १सी, १डी असे चार कोर्स आहेत, एकामागोमाग एक. मधला गाळून पुढचा मिळत नाही. त्यानंतर डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जेब्रा. वर्षाची नेहमीची क्वार्टर तीन. सुरुवात प्रीकॅल्क्युलसपासून झाली, तर साखळी तिथेच पुढे ढकलली जाते, आणि उन्हाळी सत्र वापरलं नाही तर नोव्हेंबरच्या अर्जात हे कोर्स ‘पूर्ण’ऐवजी ‘नियोजित’ असे दिसतात. दुसरीकडे जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सगळ्या शाखांना लागणाऱ्या सामान्य विषयांचे कोर्स आधी उरकले की ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) भरलेली दिसते, जीपीएही छान राहतो, पण विषयाची तयारी मागे पडते. जास्त युनिट्सच्या (क्रेडिट्सच्या) इंजिनिअरिंग-विज्ञानाच्या विषयांना आधी तयारीचे कोर्स, हे यूसी स्वतः सांगतं. पहिल्या क्वार्टरचा गणिताचा कोर्स ठरवणं हा या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे, असं आमचं ठाम मत आहे.

एटीकेटीबद्दल आम्ही आजही तेच सांगू. बारावीनंतर जिथे जिथे कॉलेजात नाव घातलं, ते सगळं यूसीच्या अर्जात लिहावं लागतं. भारतातले मार्क मार्कशीटवर आहेत तसेच, स्वतः रूपांतर न करता. कम्युनिटी कॉलेजनं ते जीपीएत धरले नाहीत, म्हणून ते लपवता येत नाहीत. लपवलेलं पुढे उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. एका एटीकेटीसाठी एवढी जोखीम आम्ही कोणत्याच मुलाला घेऊ देणार नाही.

फिजिक्सचंही तसंच. अर्जानंतर जानेवारीत जो अपडेट भरतात, त्यात विंटर आणि स्प्रिंगचे कोर्स नोंदवलेले असतात, आणि प्रवेश ते पूर्ण होतील या अटीवरच मिळतो. कॅम्पसला न कळवता तयारीचा कोर्स सोडला, तर हातातली जागा जाऊ शकते. जे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेत त्यांनी आणखी जपावं: कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसची आधी परवानगी न घेता १२ युनिटांच्या खाली गेलं, तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

टॅगच्या कॅम्पसचा प्रवेश हातात आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तो १ जूनपर्यंत स्वीकारायचा आहे, ही तारीख चुकवू नका. बर्कलीला अपील करायचं असेल, तर अर्जात नसलेली नवी, ठोस माहिती लागते. चांगला जीपीए त्यांनी आधीच पाहिलाय. स्प्रिंगच्या ग्रेड लागल्या की अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैच्या आत पाठवायला कॉलेजला सांगा, आणि पुण्याच्या कॉलेजचीही मूळ मार्कशीट आत्ताच मागवून ठेवा, तिकडून यायला वेळ लागतो. मुलाला घेऊन या किंवा फोन करा. नव्या कॅम्पसवर कोणते कोर्स धरले जातील आणि पहिल्या क्वार्टरला काय घ्यायचं, हे त्याच्याबरोबर बसून ठरवू. त्याची वेगळी फी नाही.