एका तासाचे काम आणि बेरोजगारीचा दर

बेरोजगारीचा दर घटल्याची बातमी आली की आमच्या सकाळच्या कट्ट्यावर दोन तट पडतात. एकाला ती सरकारची पावती वाटते, तर दुसरा आकडाच खोटा ठरवून मोकळा होतो. अर्थशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे असेल, पण मला या दोघांचाही कंटाळा येतो. आकडा बहुधा खराच असतो, मात्र तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कोणी पाहत नाही.

बेरोजगारी मोजण्याच्या ‘चालू साप्ताहिक स्थिती’ या पद्धतीच्या व्याख्येनुसार मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात धरली जाते. पुण्यातील वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी डबा घेऊन उभे राहणारे, आठवड्यातून जेमतेम दोन दिवस बिगारी काम मिळणारे आणि उरलेल्या दिवशी उन्हे चढेपर्यंत थांबून घरी परतणारे जोडपे या हिशेबात बेरोजगार नसते. घरच्या वडापावच्या गाडीवर बिनपगारी राबणारी सूनही रोजगारातच मोजली जाते. (तिला विचारले, तर ती ‘मी घरीच असते’ असे म्हणण्याची शक्यता अधिक.)

ही अडचण जाणकारांना ठाऊक नव्हती असे नाही. स्वयंरोजगार आणि रोजंदारी यांवर चालणाऱ्या देशात बेरोजगारी एकाच आकड्यात मावत नाही, हे बेरोजगारीच्या अंदाजांचा अभ्यास करणाऱ्या दांतवाला समितीने १९७० मध्येच सांगितले होते. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत नेहमीची (म्हणजे वर्षभराची), साप्ताहिक आणि दैनंदिन अशा तिन्ही स्थिती मोजल्या गेल्या. दैनंदिन स्थितीत अर्ध्या दिवसाचाही हिशेब धरला जातो, त्यामुळे त्या जोडप्याचे रिकामे दिवस तिथेच दिसतात. २०१७-१८ पासूनच्या केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणावरील चर्चा मात्र पहिल्या दोन स्थितींपाशीच थांबते.

अशा मजुरांच्या कल्याणाचा प्रश्न इथेच अडतो. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, पण ती हमी ग्रामीण भागापुरती. पुण्याच्या अड्ड्यावरील मजुराला काम मागण्यासाठी तसे दार नाही, आणि साप्ताहिक आकडा पाहून त्याची गरजही कोणाला जाणवत नाही.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यासाठी संशोधक शहरात घरोघर हिंडले होते. यंदा प्रकल्पासाठी मी विद्यार्थ्यांकडे दराचा आलेख मागितलेला नाही. अड्ड्यावर सकाळी आठला किती माणसे होती आणि अकराला किती उरली, एवढेच सलग तीस दिवस मोजून आणायला सांगितले आहे.