लिनक्स बंद करा म्हणणाऱ्यांना

सध्या लातूर-नांदेडकडच्या कॉलेज ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. बीसीए-बीएस्सीला लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) शिकवणं बंद करा, कंपन्यांत सगळं विंडोजच असतं, खेड्यातल्या पोरांना इंग्रजी कमांड झेपत नाहीत आणि दोन-दोन सिस्टिमचा खर्च लॅबला परवडत नाही. खाली अंगठ्यांचा पाऊस, म्हणून लिहायलोय.

कंपन्यांत विंडोज असतंय की, टेबलावर. पण पोरगं पुण्याला जाऊन सपोर्टला लागलं की पहिल्याच आठवड्यात एसएसएचनं (दूरच्या कॉम्प्युटरवर कमांड देऊन काम करायची सोय) सर्व्हरवर जा म्हणतात आणि तिथं ना स्टार्ट बटन ना माउस, नुसती काळी स्क्रीन. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या अ‍ॅझ्युअरवर अर्ध्याहून जास्त काम लिनक्सवर चालतं. टॅली-एक्सेलवाल्या बीकॉमच्या पोरांना विंडोजच शिकवा, त्याला कोण नाही म्हणतंय.

इंग्रजी कमांडचं म्हणाल तर मग सी प्लस प्लस काय मराठीत लिहितात का? खरी गोची वेगळीच आहे, आपल्याकडं प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवणं, 'सीएचमॉड ६४०' (फाइल कुणाला वाचता-लिहिता येईल हे ठरवणारी कमांड) लिहायचं आणि आउटपुट सीनियरच्या वहीतून छापायचं, मशीनला हात न लावता सही मिळते. त्यापेक्षा पोराला बसवा, दुसऱ्याची फाइल उघडू द्या, 'परमिशन डिनाइड' येऊ द्या, मग सांगा की वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. म्हणजे ६४० मधला ६ (४+२) मालकाला, वाच आणि लिही. ४ ग्रुपला, नुसतं वाच. ० बाकीच्यांना, दारातूनच परत. ह्यात इंग्रजी कुठं आडवं आलं? आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे धडे मराठीतून आहेत, तेही फुकट.

खर्चाचं तर उलटंच आहे राव. विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते लॅबमधल्या जुन्या डब्यांत कुठून आणायचं? त्याच डब्यांवर लुबुंटू, म्हणजे लिनक्सचाच हलका प्रकार, चालतं, लायसनचा एक रुपया नाही. हां, प्रिंटर कधीकधी रडवतो आणि ते जमवणारा माणूस लॅबमध्ये पाहिजे, हे खरंय.

एचओडी (विभागप्रमुख) फॉरमॅट करू देत नसतील तर लिनक्स पेनड्राइव्हवरूनच थेट (लाइव्ह) चालवा, इन्स्टॉल केल्याशिवाय हार्डडिस्कला हातही लागत नाही.