‘हजार माणसं आणा, दहा ऑर्डरी पडतील’: फिरत्या फॉरवर्डचा हिशेब

घरगुती मसाले, लोणची, पापड-कुरडया ऑनलाइन विकणाऱ्यांच्या गटांत एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार मात्र एकच: “वेबसाइटवर रोज १,००० माणसं आणा. शंभरात एक जण घेतोच, म्हणजे रोज १० ऑर्डरी. त्यासाठी ३० दिवसांत गुगलवर पहिला नंबर देणारं पॅकेज घ्या, एआयकडून रोज एक लेख लिहून टाका, फेसबुकवर पोस्ट बूस्ट करा, ५०,००० नंबरांचा डेटाबेस घेऊन मेसेज सोडा, वेबसाइटवर ‘फक्त ३ शिल्लक’ म्हणत उलटं घड्याळ लावा. आणि हो, वेबसाइट मोबाइलवर चालली पाहिजे.”

यातलं शेवटचं वाक्य बरोबर आहे. बाकीचं क्रमाने बघू.

“शंभरात एक जण घेतोच”

समजा, घेतो. मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ अशी ६०० रुपयांची ऑर्डर धरा. विक्रीवरचा जीएसटी बाजूला ठेवू. माल २७० रुपयांचा, डबा-पाकीट-टेप ३०, कुरिअर ८०. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १४. हातात उरले २०६. या २०६ मध्येच जाहिरात बसवायची आणि नफाही त्यातूनच काढायचा.

आता जाहिरातीतून माणूस आणायला क्लिकमागे ५ रुपये पडले असं धरू. शंभर क्लिकला एक ऑर्डर, म्हणजे एका ऑर्डरीमागे ५०० रुपये. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो वळता होत नाही, म्हणून ५९०. प्रत्येक ऑर्डरीमागे ३८४ रुपये पदरचे गेले. फॉरवर्डप्रमाणे रोज १० ऑर्डरी खरोखरच पडल्या, तर रोज ३,८४० रुपयांचा खड्डा. ऑर्डरी वाढतील तसा तो वाढत जाणार.

त्यामुळे माणसं किती आणायची हा प्रश्न नंतरचा. आधी एक क्लिक आपल्याला किती रुपयांपर्यंत परवडतो ते काढायचं. ऑर्डरीमागे उरणारे पैसे गुणिले घेणाऱ्यांचं प्रमाण: २०६ चा १ टक्का म्हणजे २ रुपये ६ पैसे. त्यातून जाहिरातीवरचा जीएसटी वजा केला की जेमतेम पावणेदोन रुपये, तेही नफा शून्य धरून. ज्याला हा आकडा माहीत नाही त्याने जाहिरातीला हात लावू नये.

हा आकडा वाढवायचा तर सर्वांत सोपी जागा म्हणजे ऑर्डरीची रक्कम. तोच माल दुप्पट करून १,२०० चा संच केला, तर माल ५४०, पॅकिंग ४०, कुरिअर समजा ११०, गेटवे २८. उरतात ४८२. रक्कम दुप्पट झाली, पण उरलेले पैसे दुपटीहून पुढे गेले, कारण पॅकिंग आणि कुरिअर त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून ‘९९९ च्या वर कुरिअर मोफत’ ही पाटी नुसती सवलत नसते, तिच्यामागे हिशेब असतो. मात्र ती मर्यादा आपल्या सरासरी ऑर्डरीच्या थोडी वर हवी. खाली ठेवली तर कुरिअरचे पैसे फुकट वाटल्यासारखं होतं.

कुरडया-पापडवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५,००० ने भागतात. ४० × ३० × २५ च्या खोक्यात दीड किलो कुरडया भरल्या तरी बिल ६ किलोचं येतं. दर ठरवताना काट्यावरचं वजन धरलं, तर महिनाअखेरीला नफा कुठे गेला ते कळतच नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर आणखी एक वजाबाकी. दहातली दोन पार्सलं परत आली, तर दोन्हींचं जातानाचं आणि येतानाचं कुरिअर व पॅकिंग मिळून ३८० रुपये उरलेल्या आठ ऑर्डरींवर बसतात. म्हणजे प्रत्येकीवर साडेसत्तेचाळीस. वर खाण्याचा माल परत आला की पुन्हा विकता येईलच असं नाही. आगाऊ पैसे भरणाऱ्याला ४० रुपये सूट देणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

“३० दिवसांत गुगलवर पहिला नंबर, हमखास”

पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं, असंही गुगलने सांगितलेलं आहे. मग पॅकेजवाले पहिला नंबर दाखवतात कसा? तुमच्याच दुकानाचं नाव टाकून. ‘अमुकतमुक गृहउद्योग, देवरुख’ शोधल्यावर तुम्ही नाही तर कोण वर येणार? ज्याला तुमचं नाव आधीच माहीत आहे त्याला शोधून देण्याचे हे पैसे. गिऱ्हाईक ‘मालवणी मसाला अर्धा किलो’ असं शोधतं, आणि करारात नेमके हे शब्द नसतात.

पॅकेजातल्या कामांची यादी मागा. ‘मेटा कीवर्ड’ (पानाच्या आत लपवलेली शोधशब्दांची यादी) भरणं हे काम त्यात असेल, तर तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. ‘५०० बॅकलिंक’, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटींवरून तुमच्याकडे येणाऱ्या जोडण्या, असतील तर त्या विकतच्या असतात. अशा जोडण्यांवर गुगलने २०१२ मध्ये क्रमवारीत केलेल्या ‘पेंग्विन’ या बदलापासून कारवाई होत आली आहे. त्या आज नुसत्या दुर्लक्षिल्या गेल्या तर नशीब, नाहीतर वेबसाइटच खाली जाते आणि तोवर पॅकेजवाल्याचा फोन लागत नाही.

त्यापेक्षा सर्च कन्सोल, म्हणजे तुमची वेबसाइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन, उघडा. ते फुकट आहे आणि १६ महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतं. ‘परफॉर्मन्स’मध्ये शेवटचे तीन महिने घ्या, सरासरी क्रमांकाचा रकाना चालू करा आणि ८ ते २० क्रमांकावरचे शोधशब्द वेगळे काढा. गुगल तुम्हाला दाखवतंय, पण लोकांच्या नजरेत येत नाही, अशी ही जागा असते. प्रत्येक शब्दासाठी कोणतं पान येतं ते पाहा. त्या पानाचं शीर्षक नुसतं ‘उत्पादने’ असेल तर ते ‘मालवणी मसाला, ५०० ग्रॅम, घरी भाजून दळलेला’ असं करा. पानावर वजन, किंमत, तिखटपणा, किती दिवस टिकतो, किती दिवसांत पोचतो आणि १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना-नोंदणीचा) क्रमांक लिहा. चार आठवडे थांबून आकडे ताडून पाहा. एका वेळी एकाच पानाला हात लावा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

मराठी वेबसाइटचे काही खास घोटाळे आहेत. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला, तर तो फॉन्टमुळे डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत भलतीच अक्षरं असतात आणि शोधयंत्राला तो वाचता येत नाही. युनिकोडमध्येच (फोनवरच्या मराठी कीबोर्डने होतं तसं) टाइप करा. दरपत्रक चित्र म्हणून टाकलं असेल तर तेच दर खाली मजकुरातही द्या. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर चालतो, पण व्हॉट्सअॅपवर चिकटवताना पुष्कळदा त्यातलं एकेक अक्षर, काना-मात्रासुद्धा, नऊ-नऊ चिन्हांचं होऊन पत्ता ओळीच्या ओळी लांबतो, आणि तसल्या लिंकवर बोट ठेवायला लोक बिचकतात. पत्ता रोमनमध्ये आणि आखूड ठेवावा, मजकूर मराठीत. ‘मालवणी मसाला’ रोमन लिपीत शोधणारेही खूप असतात, म्हणून हे नाव पानावर एकदा रोमनमध्येही येऊ द्या. एकदा म्हणजे एकदाच. दहा वेळा कोंबून काही होत नाही.

“एआयकडून रोज एक लेख”

मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या स्पॅम धोरणात एक प्रकार स्पष्ट केला: क्रमवारी मिळवण्याच्या हेतूने, वाचणाऱ्याला फारसा उपयोग नसलेली पानं ढिगाने काढणं. ती माणसाने लिहिली की यंत्राने, हा मुद्दाच नाही. तेव्हा एआय वापरणं गुन्हा नव्हे, पण रोज एक लेख पाडणं हे नेमकं त्या वर्णनात बसतं.

समजा पाडलेत आणि माणसंही आली. कोणती? ‘मालवणी मसाला कसा करतात’ शोधणारी. तो माणूस घरी मसाला करणार आहे, तुमचा घेणार नाही. ‘मालवणी मसाला किंमत’ शोधणारा घेणार आहे. हजारांत ९०० पहिल्या जातीचे आले, तर ‘शंभरात एक’ हे गणित तिथेच कोसळतं. पाककृतीची पानं निरुपयोगी नाहीत, पण ती मसाला वापरून करायच्या पदार्थांची असावीत. कोंबडी-वड्यांच्या कृतीत मसाल्याचं प्रमाण येतं त्याच ओळीत पुडीची लिंक द्या, पानाच्या तळाशी नको. असं एक पान महिन्याला केलं तरी पुरे.

“पोस्ट बूस्ट करा”

बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचं, बटण घाईघाईत दाबलं की जाहिरात बहुधा लाइक-कमेंट किंवा मेसेज मिळवण्यासाठी चालते. यंत्रणेला जे मागाल ते ती आणते. लाइक मागितले तर लाइक करणारी माणसं शोधून देते, आणि ती माणसं सगळ्यांनाच लाइक करत फिरतात. विक्री हवी असेल तर अॅड्स मॅनेजर या फेसबुकच्या जाहिरात-साधनात जाऊन उद्दिष्ट ‘सेल्स’ ठेवावं लागतं. त्याआधी वेबसाइटवर मेटा पिक्सेल (फेसबुकची कंपनी मेटा हिचा, वेबसाइटवर कोण काय करतं याची नोंद घेणारा कोड) बसवून ‘पर्चेस’ ही नोंद पैसे भरून झाल्यानंतरच्या पानावरच होते ना, ते स्वतः एक ऑर्डर टाकून तपासा. ही नोंद कार्टच्या पानावर लागलेली असते, ही नेहमीची चूक. मग आकड्यांत धंदा जोरात आणि बँकेत शुकशुकाट.

जाहिरातसंच (एकाच बजेटवर, एकाच गटाला दाखवायच्या जाहिराती) स्थिरावायला मेटाला आठवड्यात साधारण ५० नोंदी लागतात. आठवड्याला १० ऑर्डरी असणाऱ्याच्या हातून त्या होणार नाहीत. अशा वेळी ‘कार्टमध्ये टाकलं’ या खरेदीच्या आधीच्या टप्प्यावर जाहिरात चालवावी, किंवा व्हॉट्सअॅप चौकशीवर. पाच संच न करता एकच ठेवावा. रोज सकाळी उठून बजेट आणि चित्र बदलणाऱ्यांची शिकण्याची प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि मग ‘फेसबुक पैसे खातं’ अशी तक्रार ऐकू येते. प्रत्येक लिंकला यूटीएम खुणा, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारे शब्द, लावा: स्रोत, माध्यम, मोहीम. त्या नसतील तर व्हॉट्सअॅपवरून आलेली बरीच माणसं अॅनालिटिक्समध्ये (वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या गुगलच्या साधनात) ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेली, म्हणून पडतात.

“५०,००० नंबरांचा डेटाबेस”

हे करू नका. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज फक्त तुमचा नंबर जतन केलेल्यांनाच पोचतो, त्यामुळे विकतची यादी तिथे चालतच नाही. एखादं सॉफ्टवेअर लावून ढीगभर मेसेज सोडले, की लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात आणि नंबर बंद होतो. त्याच नंबरावर जुनी गिऱ्हाइकं असतात. ईमेलचंही तेच. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेलकडे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर तुमच्याच पत्त्यावरून आल्याची खातरजमा करणाऱ्या तीन सोयी) आणि एका क्लिकवर नाव काढण्याची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. विकतच्या यादीवर ती रेषा पहिल्याच दिवशी ओलांडली जाते. शिवाय संमती न घेता मिळवलेली माहिती वापरणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या उलट जातं.

पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाला: ‘हा नंबर जतन करून हो असं पाठवा, नवीन मसाला दळला की कळवू.’ ऑर्डर पोचल्यावर एक मेसेज, मसाला संपत येण्याच्या सुमाराला, म्हणजे अर्ध्या किलोला दीड-दोन महिन्यांनी, दुसरा. जुन्या गिऱ्हाइकाला क्लिकचे पैसे लागत नाहीत. वरच्या २०६ रुपयांतले २०६ इथेच शिल्लक राहतात.

“फक्त ३ शिल्लक”

खरंच तीन असतील तर लिहा. खोटी घाई दाखवणं हा नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय डार्क पॅटर्न (गिऱ्हाइकाला फसवणारी वेबसाइटची मांडणी) मार्गदर्शक तत्त्वांतला नाव घेऊन नमूद केलेला प्रकार आहे. पान पुन्हा उघडलं की घड्याळ परत दहा मिनिटांवर आलेलं गिऱ्हाइकाला दिसतंच.

“वेबसाइट मोबाइलवर चालली पाहिजे”

हे मान्य. फॉरवर्डने फक्त ‘चालणं’ म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. गुगलच्या मापाने मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद हवा, आणि पान उघडताना मजकूर उड्या मारता कामा नये. हे गुगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साधनावर फुकट तपासता येतं. बहुतेक छोट्या दुकानांत दोषी एकच असतो: कॅमेऱ्यातून आलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवलेले. ते १,२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात १५० केबीच्या आत आणा.

मग घरातलं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, साध्या फोनवरून स्वतःच्याच दुकानात एक ऑर्डर टाका. कुरिअरचा खर्च पहिल्या पानावर कळतो की शेवटच्या? खातं उघडल्याशिवाय पुढे जाता येतं का? पिनकोड टाकताना आकड्यांचा कीबोर्ड येतो का? यूपीआयवरून परत येताना पान अडकतं का? ज्या पायरीवर तुम्हीच वैतागलात, तिथपासून दुरुस्ती सुरू करा. जाहिरात त्यानंतर.