'मूव्ह' लावलं म्हणून क्लोजर एकदाच चालतो असं नाही

'रस्टमध्ये क्लोजर टाळा, साधं फॉर लूप बरं' हा मेसेज धाकट्या बहिणीच्या ग्रुपवरही पोचला. तिने रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला नुकती सुरुवात केलीय, म्हणून हे लिहिणं भाग आहे. क्लोजर म्हणजे आजूबाजूची व्हेरिएबल्स पकडून ठेवणारं बिननावाचं छोटं फंक्शन. मेसेजमधले दावे एकेक करून बघू.

'क्लोजर हीपवर (प्रोग्राम चालताना मागून घ्यायच्या मेमरीत) जातो, म्हणून मंद.' नाही जात. प्रत्येक क्लोजरला कंपायलर वेगळा, बिननावाचा टाइप देतो आणि त्यात फक्त पकडलेली व्हेरिएबल्स असतात. काहीच पकडलं नसेल तर आकार 0 बाइट. रस्टच्या अधिकृत पुस्तकात, 13व्या प्रकरणात, एकच शोध दोन्ही पद्धतींनी मोजलाय: लूपला 1,96,20,300 नॅनोसेकंद, आयटरेटरला (घटक एकेक करून देणारा, ज्याला क्लोजर देतात) 1,92,34,900. म्हणजे जवळजवळ सारखेच. 'बॉक्स डिन एफएन' (क्लोजर मुद्दाम हीपवर ठेवणारा टाइप) लिहिलंत तर हीप येतो, हे मान्य. पण ते तुम्ही स्वतः लिहिता, गुपचूप होत नाही.

आता खरा घातक सल्ला: 'मूव्ह लावलं की क्लोजर एकदाच चालतो, म्हणून दरवेळी आधी क्लोन (नक्कल) करा.' क्लोजरच्या आधी लिहायचा मूव्ह हा शब्द फक्त एवढंच ठरवतो की व्हेरिएबल क्लोजरमध्ये संदर्भाने न जाता मालकीसकट जाईल. क्लोजर किती वेळा चालेल हे आतला कोड ठरवतो. आत आलेली स्ट्रिंग नुसती छापलीत तर तो 'एफएन' (कितीही वेळा चालणारा), दहादा बोलवा. तीच स्ट्रिंग ड्रॉप केलीत किंवा परत दिलीत तर 'एफएन-वन्स' (एकदाच चालणारा), मग मूव्ह लिहा नाहीतर नका लिहू. आणि आंधळेपणाने मूव्ह लावल्यावर काय होतं? 0 पासून सुरू होणारा पूर्णांक मोजक घ्या, मूव्ह क्लोजरमध्ये 1 ने वाढवा, तीनदा बोलवा. बाहेर मोजक अजून 0! पूर्णांक 'कॉपी' (मालकी न जाता आपोआप प्रत होणारा) असल्याने आतली प्रत वाढली. कोड कंपाइल होतो, उत्तर चुकतं. मूव्ह काढा, 3 येईल. क्लोनचंही तेच: व्हेक्टर (वाढणारी यादी) क्लोन करून आत पुश केलं की मूळ व्हेक्टर जसाच्या तसा, वर 10 लाख आकड्यांची फुकट नक्कल. थ्रेड स्पॉन करताना (समांतर चालणारं काम सुरू करताना) मूव्ह बहुधा लागतंच, पण तिथेही मोठा डेटा 'आर्क'मध्ये (अनेकांनी वाटून घ्यायचा, मालक मोजणारा पॉइंटर) ठेवा. त्याच्या क्लोनने फक्त गणती वाढते.

'मॅप (प्रत्येक घटकावर क्लोजर चालवणारा) चालतच नाही.' अहो, तो आळशी आहे, कोणी उत्तर मागेपर्यंत काम करत नाही. पुढे कलेक्ट, सम किंवा फॉर लावा. कंपायलरची वॉर्निंग तरी वाचा.

'कंपाइलला वेळ लागतो' यात तथ्य आहे, कारण जेनेरिक (कुठल्याही टाइपवर चालणाऱ्या) फंक्शनची प्रत्येक क्लोजरसाठी वेगळी प्रत बनते. पण मेसेजमधला मंदपणा मोजलाय साध्या 'कार्गो रन' या चालवण्याच्या कमांडवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) बंद असताना. '--रिलीज' लावून पुन्हा मोजा, मग बोलू.