‘स्कॅन फिकट आले, ठिपके तसेच राहिले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. वडिलांनी सत्तरच्या दशकात काढलेल्या स्लाइड, म्हणजे फ्रेममध्ये बसवलेले पारदर्शक फिल्मचे फोटो, तुम्ही आमच्याकडे स्कॅन करायला दिल्यात. स्कॅन फिकट आले, काहींवर धुळीचे ठिपके राहिले, एका डब्यातल्या स्लाइड लालसर निघाल्या, आणि पुतण्याने तीच स्लाइड लाइट पॅडवर ठेवून मोबाइलने टिपली तर ती जास्त छान दिसली, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय दुसरीकडे 9600 डीपीआय (एका इंचात टिपलेले बिंदू) देतात आणि आम्ही 4000वर थांबलो, हीही तक्रार आहे. असे डबे अनेकांच्या माळ्यावर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही अभिप्रायासोबत वाईच्या घाटावरचा आईंचा फोटो दोनदा लावलाय, एक आमचा, एक मोबाइलचा. आमच्या फाइलच्या नावात ‘मास्टर’ दिसतंय. पेनड्राइव्हवर दोन फोल्डर आहेत. ‘पाहण्यासाठी’ या फोल्डरमध्ये रंग आणि उजेड नीट बसवलेल्या जेपेग आहेत, घरच्यांना पाठवायला त्याच वापरायच्या. ‘मास्टर’मध्ये 16 बिटच्या टिफ आहेत, एकेक सुमारे 130 एमबीची. त्या आम्ही मुद्दाम मऊ, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टच्या, ठेवतो. स्लाइडमध्ये लख्ख उजेड आणि गडद काळोख यांत जेवढं अंतर असतं तेवढं निगेटिव्हमध्येही नसतं, आणि ते सगळं फाइलमध्ये उतरवायचं तर चित्र पहिल्या नजरेला फिकं दिसणारच.

आता दोन्ही चित्रांत आईंची चंद्रकळा बघा. मोबाइलच्या चित्रात तिचा नुसता काळा डाग झालाय. मास्टर उघडून फक्त सावल्या थोड्या उजळा. निऱ्या सुट्या होतात, काठ दिसतो, मागच्या दगडी पायऱ्यांचे सांधेसुद्धा दिसतात. वरचा ढग मोबाइलमध्ये पांढराफटक होऊन गेलाय, आणि एकदा असा गेलेला ढग कुठलंही अ‍ॅप परत आणत नाही. मास्टरमध्ये तो शाबूत आहे. वडिलांनी टिपलेलं फिल्मवर जे जे आहे ते फाइलमध्ये आलंच पाहिजे, याबाबत आम्ही तडजोड करत नाही.

ठिपक्यांचं कारण वेगळं आहे. स्कॅनर धूळ ओळखतो ती इन्फ्रारेड उजेडाने. बहुतेक रंगीत फिल्ममधून हा उजेड आरपार जातो, धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात, म्हणून ते आपोआप काढता येतात. कोडाक कंपनीच्या कोडाक्रोम या स्लाइड फिल्ममध्ये मात्र फिल्मचा सायन (निळसर हिरवा) रंगच हा उजेड काही प्रमाणात अडवतो. मग यंत्राला पापणीची कड किंवा साडीचा काठसुद्धा कचरा वाटतो आणि तो पुसला जातो. म्हणून तुमच्या कोडाक्रोमवर ती सोय आम्ही बंद ठेवली, ब्लोअर आणि मऊ ब्रशने जेवढी धूळ निघाली तेवढी काढली. उरलेले ठिपके एकेक करून हाताने काढता येतात, पण त्याचा दर वेगळा आहे आणि तो पावतीवर छापलेला आहे. चेहरा पुसट होण्यापेक्षा आकाशात दोन ठिपके राहिलेले बरे, असं माझं ठाम मत आहे.

लालसर डबा ओर्वोचा आहे, पूर्व जर्मनीची फिल्म, त्या काळी आपल्याकडे बरीच वापरात होती. तिच्यातला सायन रंग उडालाय, त्यामुळे लाल वर आलाय. त्याच कपाटातली कोडाक्रोम टिकली, कारण तिच्यात रंग तयार करणारी रसायनं फिल्ममध्ये नसतात, ती धुताना घातली जातात. ओर्वोच्या सुधारलेल्या प्रती ‘पाहण्यासाठी’ फोल्डरमध्ये आहेत. त्वचेचे रंग बरेच सावरलेत. हिरवा मात्र जिथे उरलेलाच नाही तिथे आम्ही तो मनाने भरलेला नाही.

डीपीआयचं थोडक्यात. 4000 डीपीआयला 35 मिमीच्या स्लाइडचे सुमारे 2 कोटी 10 लाख पिक्सेल होतात. फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर 6400 लिहिलेलं असलं तरी चाचणीच्या पट्टीवर बारीक रेषा 2300च्या आसपासच सुट्या दिसतात. तशा स्कॅनरवर त्यापुढचा आकडा फाइल फुगवतो, तपशील वाढवत नाही.

एकदा दुकानात या. तुमची स्लाइड लाइट टेबलवर ठेवू, तुम्ही भिंगातून बघा आणि शेजारच्या पडद्यावर फाइल बघा. जेपेग आणखी उजळ हव्या असतील तर तुमच्यासमोर बसून करून देईन, त्याचे पैसे नाहीत. येईपर्यंत एक विनंती: ज्या काचेच्या फ्रेममध्ये जाळीसारखी बुरशी दिसतेय, त्या स्लाइड ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि त्याबरोबर चित्रही जातं. डबा तसाच, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, बंद करून आणा. सोमवारी दुकान बंद असतं.